खळ्यात भयपट: कोकणातल्या घरी भुताच्या सिनेमाची रात्र कशी लावावी

कोकणात भयपट दाखवणाऱ्याची पहिली अडचण अशी की पाहणाऱ्यांना भुतं पाठ असतात. मुंज्या कुठल्या पिंपळावर आणि पाण्यातला गिऱ्हा नदीच्या कुठल्या कोंडीत, हे वाडीतल्या पाचवीच्या पोराला विचारा. त्यामुळे पांढरी साडी, मोकळे केस आणि हिरवा उजेड घेऊन कोणी पडद्यावर आलं की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हशा पिकतो आणि पुढचे दोन तास वाया जातात. इथे टिकतात ते भूत झाकून ठेवणारे सिनेमे. समोर घडतंय ते खरं की त्या माणसाच्या डोक्यातलं, हा संशय शेवटपर्यंत ओढत नेणारा सिनेमा असेल तर तोंडाळ काकासुद्धा गप्प बसतो. आणि तो संशय पोचतो आवाजातून. म्हणून पैसे आधी स्पीकरवर घालावेत, मग प्रोजेक्टरवर.

तारीख कशी धरावी

पावसाळा सोडून खळं वापरता येतं ते साधारण नोव्हेंबर ते मे. चाकरमानी आणि सुट्टीतली पोरं एकत्र सापडतात ती मे महिन्यात. तेव्हा सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पडदा नीट दिसण्याइतका काळोख पावणेआठला होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. म्हणजे खळ्यातल्या सिनेमासाठी हातात सव्वादोन तास उरतात. त्यात एकच सिनेमा बसवावा, तोही दोन तासांच्या आतला. दुसरा हवा असेल तर माजघरात, दारं लावून, कमी आवाजात.

चंद्राचा हिशेब चुकला की पडदा पांढुरका दिसतो. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेली असते. मे महिन्यात ती रात्री दहाच्या आसपास येते आणि पुढे चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो. तेव्हा संकष्टीच्या दुसऱ्या दिवसापासून अमावास्येपर्यंतच्या रात्री उत्तम. शुद्ध पक्षातले पहिले दोन-तीन दिवसही चालतात, कारण चंद्रकोर लवकर मावळते. नेमकी अमावास्या मात्र धरू नये. घरातली वडीलधारी माणसं त्या रात्री मुलांना बाहेर बसू देत नाहीत, आणि आदल्या दिवशीचा काळोख तेवढाच असतो. गावात दशावताराचा प्रयोग किंवा पालखी असेल त्या रात्रीचा नादच सोडावा. तिथला मृदंग तुमच्या खळ्यात ऐकू येणारच, आणि माणसंही तिकडेच जाणार.

देवचार, राखणदार या गाव राखणाऱ्या शक्तींना भुतांच्या गप्पांत ओढू नये. गाव त्यांना भूत मानत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पाहावी. घरच्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून सिनेमा पाहणं वेगळं, आणि वाडीभर निरोप धाडून किंवा वर्गणी काढून दाखवणं वेगळं. तो जाहीर खेळ होतो आणि त्याला सिनेमाच्या हक्कधारकाची परवानगी लागते.

पडदा आणि वारा

संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री उलटा जमिनीकडून मतलई सुटतो. दोन्हींची दिशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. म्हणून पडद्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करावं, म्हणजे वारा पडद्याच्या कडेवर येतो, पोटात भरत नाही. जाड पांढरं कापड, मागे काळं कापड, वर आणि खाली बांबू. चारी कोपरे सुंभाने करकचून बांधले तर एका झोतात शिवण उसवते. दुचाकीवर सामान बांधायच्या रबरी दोऱ्या वापराव्यात. चुन्याची भिंत फुकट मिळते खरी, पण चिऱ्याचे सांधे आणि चुन्याचे फुगवटे माणसांच्या चेहऱ्यावर उमटतात.

आकाराचा मोह आवरावा. चित्रपटगृहात पडद्याच्या दर चौरस फुटाला साधारण १५ ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड पडतो. आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पडदा म्हणजे ३६ चौरस फूट, त्याला साडेपाचशे ल्युमेन पुरतात. भाड्याने मिळणारा ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर म्हणूनच कमी उजेडाच्या मोडवर चालवावा. पूर्ण उजेडावर काळा रंग राखाडी होतो, आणि भयपटात सगळं काही काळ्यातच असतं. ऑनलाइन घेतलेल्या छोट्या एलईडी प्रोजेक्टरची गोष्ट उलटी. खोक्यावर हजारोंचा आकडा छापलेला असला तरी खरे ल्युमेन बहुधा दोनशेच्या आसपास. त्याला पाच फूट रुंदीपेक्षा मोठं चित्र झेपत नाही.

प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा ते त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं त्यावर, ठरतं. तो १.५ असेल तर आठ फूट रुंद चित्राला बारा फूट. स्टूल पडद्याच्या मध्यरेषेवर सरळ ठेवावं. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोन या सेटिंगने वाकडं चित्र चौकोनी केलं की बारीक तपशील पुसट होतात. मच्छर अगरबत्ती झोताच्या खाली लावू नये, धूर झोतात नाचतो. किड्यांसाठी पाठीमागे तीस-चाळीस फुटांवर, प्रेक्षकांना दिसणार नाही असा एक पांढरा बल्ब पेटता ठेवावा. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात तेव्हा मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. ती संध्याकाळ घरातच काढावी.

वीज

दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. असं चार-पाचदा झालं की दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून वीज जाईल तेव्हा नव्हे, पहिल्यापासूनच प्रोजेक्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात निम्मे धरावेत. प्रोजेक्टर २८०, स्पीकर ६०, लॅपटॉप २० असे ३६० वॉट झाले तर दोन तास निघतात. त्या लाइनवरचे घरातले पंखे आधी बंद करावेत. इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे ना ते पाहावं. स्क्वेअर वेव्हवर स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो आणि सिनेमातली शांतता संपते. जनरेटर तर नकोच.

आवाज

ब्लूटूथ स्पीकर वापरू नये. आवाज काही क्षण मागे पडतो. दार आधी उघडलेलं दिसतं आणि करकर मागून ऐकू येते. वायरवाले दोन स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, चिऱ्याच्या थरावर किंवा पेळेवर ठेवावेत. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवले तर फळ्या थरथरतात आणि संवाद गढूळ होतात.

आवाजाची पातळी ठरवायची ती कुजबुजीवर. सिनेमातला सर्वांत हळू बोललेला संवाद शेवटच्या रांगेतल्या आजीला कळेल इतका आवाज वाढवावा, मग एखादा दणक्याचा प्रसंग लावून स्पीकर फाटत नाही ना ते पाहावं. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'नाइट मोड' असतो, तो हळू आवाज वाढवतो आणि मोठा दाबतो. खळ्यात तो बंद ठेवावा. रात्री दहानंतर माजघरात चालू करावा, नाहीतर दर दचक्याला पाळण्यातलं पोर उठतं.

गणपतीत लोक जमतात खरे, पण तेव्हा पाऊस असतो. मंगलोरी कौलांवरचा पाऊस एकवेळ सोसतो. पडवीला पत्रे असतील तर संवाद ऐकू येण्याची आशा सोडावी आणि आतल्या खोलीत टीव्हीवर पाहावं.

फाइल, सबटायटल, टीव्ही

मोबाइलच्या नेटवर थेट सिनेमा लावू नये. रेंज कमी झाली की चित्राचा दर्जा आपोआप घसरतो आणि काळोखातल्या प्रसंगात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ॲपमध्ये आधी उतरवून ठेवावा, पण दोन गोष्टी तपासाव्यात. काही ॲप मोबाइलवरून प्रोजेक्टरला चित्र जाऊ देत नाहीत, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. शिवाय उतरवलेल्या सिनेमाला मुदत असते आणि एकदा चालू केल्यावर ती बहुधा ४८ तासांवर येते. आदल्या दिवशी तपासणीसाठी पाच मिनिटं लावला तरी घड्याळ सुरू होतं.

लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये सबटायटल पुढे-मागे होत असतील तर 'जी' आणि 'एच' ही बटणं दाबून सरकवावीत. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर मजकुराचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करावं. अक्षरांचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी ठेवावा. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली की डोळे दिपतात आणि मागचं काही दिसत नाही. एकाने मोठ्याने अर्थ सांगत बसायचा, ही पद्धत कृपया नको.

टीव्हीवर पाहायचं तर पिक्चर मोड 'सिनेमा' करावा आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. ते चालू राहिलं की कुठलाही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

कुठला सिनेमा, कोणासाठी

पहिल्या रात्रीसाठी 'कौन' (१९९९). राम गोपाल वर्मा यांचं दिग्दर्शन, ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंह अशी तीनच पात्रं, एकच घर, बाहेर पाऊस, गाणं एकही नाही. हिंदी असल्यामुळे सबटायटलची कटकट नाही, लांबीही आटोपशीर. दारावर आलेला माणूस आत घ्यावा की नको, एवढ्याच प्रश्नावर सगळा सिनेमा उभा आहे. भूतबीत काही नाही, तरी माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. वर्मांचाच 'भूत' (२००३) मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये घडतो. तो चाकरमान्यांना जास्त लागतो, गावातल्यांना कमी.

घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). आशा काळे, काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' आणि 'रात्रीस खेळ चाले' ही गाणी याच सिनेमातली, सुधीर मोघे यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत. आजच्या पोरांना तो संथ वाटेल, पण मनातल्या भीतीला भुताचं रूप कसं येतं हे त्यात मराठीतून आणि घरगुती भाषेत सांगितलं आहे. गाणी पुढे ढकलू नयेत, आज्या चिडतात.

'तुंबाड' (२०१८) बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेला असतो, म्हणजे पाहिलेलाच नसतो. १०४ मिनिटांचा आहे, पावसाने ओथंबलेला, आणि बरेच प्रसंग कंदिलाच्या उजेडात. हा खळ्यातच लावावा आणि पूर्ण काळोख झाल्याशिवाय सुरू करू नये. तपासणीसाठी विहिरीतला एखादा प्रसंग लावावा. तिथल्या भिंतींचा पोत दिसला तर पडदा जमला, नुसता चिखल दिसला तर प्रोजेक्टरचा ब्राइटनेस थोडा वाढवावा. प्रमाणपत्र प्रौढांचं आहे, तेव्हा लहान मुलांना आधी झोपवावं. खेड तालुक्यातल्या, जगबुडीकाठच्या तुंबाडवर श्री. ना. पेंडसे यांची प्रसिद्ध कादंबरी आहे. ती वाचलेले लोक सिनेमात खोतांची गोष्ट शोधायला लागतात. त्यांना आधीच सांगावं, कथा अगदी वेगळी आहे.

'लपाछपी' (२०१७) मराठीत आहे आणि दिवसाढवळ्या उसाच्या फडात घाबरवतो. विशाल फुरिया यांनीच पुढे तो हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून केला. दोन्हींत मराठी जास्त उग्र, उषा नाईकांमुळे. विषय गर्भवती बाईचा आणि गर्भाचा आहे. घरात कोणाला दिवस गेले असतील तर हा सिनेमा काढूच नये.

आता परदेशी. सगळ्या वयांसाठी एकच निवडायचा तर 'द अदर्स' (२००१). १९४५ सालचं जर्सी बेट, मोठं घर, उजेड सोसत नाही अशी दोन मुलं, त्यामुळे सगळे पडदे ओढलेले आणि एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. रक्त जवळजवळ नाही. माजघर, बाळंतिणीची खोली, माळा असलेल्या घरात लोकांना हे सगळं सांगावं लागत नाही. ज्याने आधी पाहिला असेल त्याला सर्वांत मागे बसवावं आणि बोलू देऊ नये.

'द इनोसन्ट्स' (१९६१) आणि 'द हॉन्टिंग' (१९६३) हे दोन कृष्णधवल सिनेमे आमच्या मते या प्रकारातले सर्वांत पक्के. दोन्हींत एका एकट्या बाईच्या नजरेतून घर दिसतं आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळत नाही. 'द हॉन्टिंग'मध्ये भूत दाखवलेलंच नाही, दारावरच्या धपाधप धक्क्यांवर सगळं काम होतं. स्पीकर फाटका असेल तर या सिनेमाच्या वाटेला जाऊ नये. 'द इनोसन्ट्स' सुरू होतो तेव्हा पडदा काळा असतो आणि एक मुलगी गात असते. तेवढ्यात कोणीतरी उठून वायर हलवतोच, म्हणून आधी बजावून ठेवावं. दोन्ही सिनेमे रुंद चौकटीचे आहेत, आठ फूट रुंद पडद्यावर चित्राची उंची साधारण तीन फूट पाच इंच भरते. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच, त्या घालवायला झूम करू नये. कडेला उभी माणसं कापली जातात, आणि भीती बऱ्याचदा त्या कडेलाच असते.

'रिंगू' (१९९८) हा जपानी सिनेमा प्रोजेक्टरवर लावू नये. सगळी गोष्ट व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीभोवती फिरते. खोलीत टीव्हीवरच पाहावा, चार-सहा जणांनी, दिवे मालवून. ९६ मिनिटं. इंग्रजीत केलेली आवृत्ती नंतर पाहिली तरी चालेल.

पावसाळी रात्रीसाठी मल्याळम 'भ्रमयुगम' (२०२४). कृष्णधवल, पडका वाडा, पाऊस, मोजकी पात्रं, आणि घराचा मालक मामुट्टी. सव्वादोन तासांहून थोडा मोठा आहे, म्हणून घरातच. 'मणिचित्रताळ' (१९९३) हा 'भूलभुलैया'चा मूळ सिनेमा. हिंदी पाहिलेल्यांना रहस्य ठाऊक असतं, तरी शोभनासाठी पाहावा. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

'अंडर द शॅडो' (२०१६) फारसीत आहे, ८४ मिनिटांचा. इराण-इराक युद्धातलं तेहरान, वर क्षेपणास्त्रं, घरात आई आणि मुलगी, आणि वाऱ्याबरोबर येणारा जिन. मतलई सुटलेली असताना हा सिनेमा जे काम करतो ते एसी थिएटरात होत नाही.

'हेरेडिटरी' (२०१८) अव्वल आहे, पण घरातल्या मृत्यूवर आहे. वर्षभरात घरात कोणी गेलं असेल तर नको. कोरियन 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) दोनदा पाहावा लागतो, गर्दीत तो फुकट जातो. 'द शायनिंग' (१९८०) काढताना लांबी पाहावी. १४४ मिनिटांची आणि ११९ मिनिटांची अशा दोन प्रती फिरतात, लांब असलेली घ्यावी आणि ती घरातच पाहावी.

शेवटी पोरांना झोप लागली पाहिजे, त्यासाठी उतारा म्हणून 'मुंज्या' (२०२४). आदित्य सरपोतदारांचा, कोकणातलाच, हसवणारा. फक्त तो आधी लावू नये. एकदा हसायला सुरुवात झाली की त्या रात्री कोणी घाबरत नाही.

बसायची व्यवस्था आणि खरे धोके

भुतापेक्षा फुरसं हा विषारी साप जवळ असतो. चिऱ्यांचा ढीग, पातेरा, लाकडांची मोळी यांपासून बैठक दहा-पंधरा फूट लांब ठेवावी. दिवसा खळं झाडून घ्यावं. संडासकडे जाणाऱ्या वाटेवर एक मंद बल्ब जमिनीलगत, पायात चप्पल आणि घरटी एक टॉर्च. दंश झालाच तर पट्टी करकचून आवळू नये, कापू नये, हातपाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नये.

विहिरीचा कठडा बुटका असेल तर त्यावर जाळी किंवा फळ्या टाकाव्यात. सिनेमानंतर गडग्यामागे, म्हणजे दगडी कुंपणामागे, लपून कोणाला तरी घाबरवण्याची हौस एखाद्याला येतेच, आणि घाबरलेला माणूस काळोखात कुठे पळेल त्याचा नेम नसतो. हे आधीच बंद करावं. अपस्माराचा त्रास असलेल्यांना उजेडाची उघडझाप असलेले प्रसंग सोसत नाहीत, त्यांना आधी सांगावं.

दीड-पावणेदोन तासांच्या सिनेमाला मध्यंतर देऊ नये. चहा आधी, जेवण नंतर. मध्ये खायला उकडलेल्या शेंगा किंवा फणसाचे गरे, वेफर्सची पुडी नको. पुडीचा आवाज दारावरच्या धक्क्यांनाही पुरून उरतो.

आवराआवर

दिव्याचा प्रोजेक्टर बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत वायर काढू नये. हिवाळ्यात रात्री दंव पडतं, त्यामुळे सामान तसंच बाहेर ठेवून गप्पा मारत बसू नये. एसीच्या खोलीतून आणलेला प्रोजेक्टर दमट हवेत आला की भिंगावर वाफ धरते, ती पुसू नये, वीस-तीस मिनिटांत आपोआप जाते. किनाऱ्यालगतच्या घरात खारी हवा एचडीएमआयच्या टोकांना आणि स्पीकरच्या जोडण्यांना गंज आणते. प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावं. पडद्याचं कापड दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवूनच घडी करावं, ओलसर ठेवलं तर पावसाळ्यापर्यंत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत.